सारवणापासून सिमेंटच्या नक्षीपर्यंत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, विणकामाचे नमुने येतात, संतांची चरित्रे येतात. ती यावीतच. पण यंदा मी जरा निराळा विषय घेऊन आपणां भगिनींपुढे येत आहे, आणि तो शोधायला मला लांब जावे लागले नाही. तो आपल्या सर्वांच्या पायांखालीच आहे. सकाळी आपल्या आळीतून एक फेरी मारून पाहा. एका घरापुढे लाल कोबा, दुसऱ्यापुढे सिमेंटवर दोरीने पाडलेले चौकोन, तिसऱ्यापुढे रंगीत ठोकळे, आणि कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्यात मोटार आत नेण्याच्या वाटेवर तर चक्क दगडी फरसबंदी! मी वाकून हात लावला तेव्हा कळले की तो दगड नव्हे, तेही सिमेंटच. ही नक्षी आली कोठून, ती कोणी काढली, आणि तिच्यात आपणां बायकांचे काय, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. वाचनालयातील पुस्तके, कॉलेजात जाणाऱ्या लेकीने वाचून समजावून दिलेला मजकूर आणि घराचे काम चालू असताना गवंड्यांना विचारलेले प्रश्न, एवढीच माझी शिदोरी.

आरंभ सारवणापासून करते. सिमेंटच्या इतिहासात शेणाचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे, ते पुढे कळेल. माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. पावसाळ्यात अंगणाची माती धुपायची, गवत माजायचे. दसऱ्याच्या सुमारास उघडीप झाली की अंगण नव्याने करावे लागे. तण काढायचे, माती उकरून सारखी करायची, पाणी शिंपडायचे आणि ओल आहे तोवर लाकडी चोपण्याने चोपून ती घट्ट बसवायची. मग त्यावर शेणाचा काला हाताने सारवायचा. आजी सारवत सारवत मागे सरकायची, आणि तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा एकीला एक लागून उमटत जायच्या. वाळल्यावर त्या तशाच राहायच्या. ती नक्षी कोणी मुद्दाम काढलेली नसे. पण बाईगणिक हात निराळा, म्हणून घरागणिक अंगण निराळे. आणि त्या खरबरीत रेघांमुळे पायही घसरत नसे.

सारवणाचे गोडवे मात्र फार गाऊ नयेत. गाणाऱ्यांनी महिनाभर ओणवे होऊन सारवून पाहावे. आठपंधरा दिवसांनी ते उखडायचे, पुन्हा शेण कालवायचे, पुन्हा पाठ वाकवायची. आजीची पाठ शेवटपर्यंत सरळ झाली नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. जमाखर्च मांडताना दोन्ही बाजू लिहाव्यात, एवढ्यासाठी लिहिते.

ज्यांची ऐपत होती त्यांच्या वाड्यांत चुनेगच्ची असे. भाजलेला चुना, वाळू आणि विटांची पूड म्हणजे सुरखी, हे सारे बैल जुंपलेल्या घाणीत दगडी चाकाखाली दळून त्याचा माल करीत. हीच युक्ती दूर इटलीतही होती. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक चुन्यात खापरांचा चुरा कालवून जमिनी करीत आणि त्या ओल्या असतानाच त्यांत पांढऱ्या दगडांचे बारीक तुकडे ओळीने बसवून नक्षी काढीत. इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननात अशा जमिनी सापडल्या आहेत. पुढे सिमेंटवर जे जे झाले त्याचे मूळ येथे आहे, असे मला वाटते. जमिनीला शोभा आणायची ती ती ओली असताना. आजीलाही ते ठाऊक होते आणि रोमच्या कारागिरालाही.

आता खुद्द सिमेंटकडे वळू. त्याचे नाव ठेवले इंग्लंडातल्या लीड्स शहरच्या एका गवंड्याने. जोसेफ ॲस्पडिन हा तो गवंडी. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र भाजून, दळून केलेल्या पुडीचे पेटंट त्याने १८२४ साली घेतले आणि तिला ‘पोर्टलंड सिमेंट’ म्हटले. पोर्टलंड हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ठिकाण. तेथला दगड इतका नावाजलेला की लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल त्या दगडाचे बांधले आहे. आपली पूड पाण्यात कालवून घट्ट झाली की त्या दगडासारखी दिसते, असे ॲस्पडिनचे म्हणणे. म्हणजे पाहा, सिमेंटचा जन्मच दगडाचे सोंग घेऊन झाला! कोपऱ्यावरच्या बंगल्यातले सोंग आजचे नाही, त्याला दोनशे वर्षे झाली.

सोंगाबरोबर दुसरीही एक गोष्ट पहिल्यापासून आहे, ती म्हणजे गरज. अमेरिकेतील ओहायो राज्यात बेलफाँटेन नावाचे लहान गाव आहे. जॉर्ज बार्थोलोम्यू याच्या खटपटीने तेथे १८९१ साली काँक्रीटचा रस्ता झाला. अमेरिकेतला तो पहिला काँक्रीटचा रस्ता. त्या वेळी रस्त्यावर मोटारी नव्हत्या, घोडागाड्या होत्या. गुळगुळीत रस्त्यावर घोड्यांचे पाय घसरतील ही मोठी धास्ती. म्हणून माल ओला असतानाच त्यावर लहान लहान चौकोन पाडले. आपले गवंडी कोब्यावर सुतळी दाबून चौकोन पाडतात, त्याचेच हे भावंड. आपल्याला वाटते ती शोभेची रांगोळी, पण ती मुळात पायाला धर मिळावा म्हणून आहे.

आपल्या देशात पोरबंदर येथे १९१४ साली सिमेंट तयार होऊ लागले. पुढे कारखाने वाढले, आपापसांत चुरस लागली, आणि १९३६ साली दहा कंपन्या एकत्र होऊन ए. सी. सी. ही मोठी कंपनी झाली. या काळातच शहरांतल्या घरांत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आल्या. मुंबईच्या जुन्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत आपण त्या पाहिल्या असतील. फुलांच्या, वेलींच्या, चौकटीच्या. त्या मातीच्या भाजलेल्या नव्हेत. ही विद्या एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. पितळी पट्ट्यांचा फुलाच्या आकाराचा साचा घ्यायचा, त्याच्या एकेका खणात रंगीत सिमेंटचा पातळ माल ओतायचा, साचा अलगद उचलायचा, वर साधे सिमेंट पसरायचे आणि दाबयंत्राखाली दाबायचे. नंतर भट्टी नाही, नुसते पाणी. आधी अशा लाद्या परदेशातून येत. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ साली उरण येथे भारत टाइल्सचा कारखाना काढला. देश स्वतंत्र व्हायचा तर पायांखालची लादीही देशी हवी, ही त्यामागची भावना. मला ही गोष्ट फार आवडली. खादी अंगावर घालायची हे आपण ऐकले आहे. स्वदेशी पायांखालीही होती, हे मला नवे होते.

लाद्या सर्वांना परवडत नसत. मध्यम घरांत कोबाच. इंग्रजी कागदांत त्याला ‘इंडियन पेटंट स्टोन’ म्हणत. नावात पुन्हा दगड आलाच! खाली दगडगोट्यांची भर घालून धुमसायची, त्यावर खडीचा माल, आणि वर सिमेंटचा थर देऊन रंध्याने सारखा करायचा व थापीने घोटायचा. त्या थरात लोखंडाच्या गंजापासून होणाऱ्या लाल रंगाची पूड मिसळली की झाला लाल कोबा. जुन्या घरांच्या ओट्यांवर तो वर्षानुवर्षे पाय लागून आरशासारखा गुळगुळीत झालेला असतो.

घराच्या आत कोबा आला, तरी खेड्यांतली अंगणे मात्र कितीतरी वर्षे शेणाचीच राहिली. त्याला कारण होते. दुसऱ्या महायुद्धापासून, मधला थोडा काळ सोडला तर, सिमेंटवर सरकारी नियंत्रण असे. परवाना असेल तर पोते मिळायचे. १९८२ साली हे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्ण उठले. त्यानंतर तालुक्याच्या दुकानात सिमेंट मागाल तेव्हा मिळू लागले. आमच्या माहेरचे अंगण १९९३ साली सिमेंटचे झाले. मी तेव्हा शाळेत होते.

आईला आनंद झाला. सारवण सुटले, धूळ गेली, आमसुले नि पापड वाळत घालायला स्वच्छ जागा झाली. पण एक गोष्ट माझ्या तेव्हाही ध्यानात आली. पूर्वी अंगणात काय कोठे असावे हे आजी ठरवी. आता ते गवंडी आणि घरातले पुरुष ठरवू लागले. बायकांचे काम उरले ते दोनच: कामावरच्या बायांनी डोक्यावरून घमेली वाहायची आणि घरच्या बायांनी नंतर पाणी मारायचे. सगळे अंगण एकसारखे राखाडी होत आले तेव्हा आई स्वयंपाकघरातून दोन वाट्या घेऊन आली, एक मोठी, एक लहान. गवंड्याला म्हणाली, “दादा, तुळशीपुढे जरा थांबा.” आणि माल ओला होता तोवर वाटीचा काठ दाबून तिने तुळशीपुढे दोन हात जागेत एकात एक गोल उमटवले. गवंडी हसला. पण त्याने ते पुसले नाहीत. आज त्या अंगणाला दोनचार ठिकाणी तडे गेले आहेत, पण ते गोल शाबूत आहेत, आणि रांगोळीचे ठिपके आजही त्यांच्या आधाराने पडतात.

आईला ठाऊक नव्हते, पण तिच्या वाटीची हीच युक्ती अमेरिकेत एका मोठ्या धंद्याला कारण झाली होती. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि तिकडे शहरांबाहेर घरांच्या वसाहती उठल्या. घराला मोटार, मोटारीला रस्त्यापासून घरापर्यंत सिमेंटची वाट, आणि मागे बसायउठायला फरसबंद अंगण. त्याला ते पाटिओ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, आणि त्याचा अर्थ घराचा चौकच. एवढे सारे राखाडी सिमेंट डोळ्यांना रुक्ष वाटू लागले. कॅलिफोर्नियातील ब्रॅड बोमन या कारागिराने १९५०च्या दशकात ओल्या काँक्रीटवर दगडांच्या, विटांच्या आकाराचे ठसे उमटवायला सुरुवात केली. आधी साचे लाकडाचे, मग पत्र्याचे, मग ॲल्युमिनियमचे. पुढे रबरासारखे लवचिक साचे निघाले. माल पसरायचा, वर रंगाची पूड भुरभुरायची, साचा चिकटू नये म्हणून दुसरी पूड टाकायची आणि साचे मांडून ठोकायचे. मोदकाच्या साच्याला आपण तुपाचे बोट लावतो, तसेच हे. कोपऱ्यावरच्या बंगल्यातली वाट याच घराण्यातली.

त्याच्याही आधी वॉशिंग्टन शहरात जॉन अर्ली याने एक निराळी गोष्ट केली होती. हा दगड कोरणाऱ्या बापाचा मुलगा. मेरिडियन हिल नावाच्या बागेचे काम त्याच्याकडे आले तेव्हा त्याने सिमेंटला दगडाचे सोंग दिलेच नाही. नदीतले गोटे निवडून मालात घातले, आणि माल पुरता घट्ट होण्याआधी वरचे सिमेंट ब्रशने घासून काढून टाकले. आतले गोटे उघडे पडले, आणि काँक्रीट आपल्याच अंगच्या रंगाने शोभू लागले. १९३६ साली ती बाग पुरी झाली. सोंग न घेताही देखणे दिसता येते, हे त्याने दाखवले. मला या सगळ्या माणसांत हा अर्ली अधिक जवळचा वाटतो.

आता थोडे शास्त्र, आपल्या भाषेत. सिमेंट वाळून घट्ट होते असे आपण म्हणतो, ते खरे नाही. ते पाणी पिऊन घट्ट होते. पाण्याशी त्याचा संयोग होऊन नवा पदार्थ बनतो. भारतीय मानकाप्रमाणे साधे सिमेंट पाणी लागल्यावर ३० मिनिटांच्या आत आळू लागता कामा नये आणि १० तासांच्या आत आळलेच पाहिजे. नक्षीची वेळ या दोहोंच्या मध्ये. नारळाच्या वड्या थापल्यावर सुरी केव्हा फिरवायची हे जिला कळते तिला हे सांगायला नको. लवकर फिरवली तर रेघ मिटते, उशीर झाला तर वडी फुटते.

वड्यांसारखे काप काँक्रीटलाही लागतात. ते घट्ट होताना आकसते, तेव्हा तडा जाणारच. काप ठेवले तर तडा त्या रेघेत मुकाट्याने जातो आणि दिसत नाही. म्हणून चौकोन पाडणे ही नुसती हौस नव्हे.

रंगाचेही तसेच. सिमेंट घट्ट होताना त्यातून चुना सुटतो आणि चुना कपड्याचे रंग खाऊन टाकतो. त्यात टिकतात ते खनिज रंग, लोखंडापासून होणारे लाल, पिवळे, काळे. रंगीत अंगणावर पुष्कळदा पांढरट पूड उमटते, तोही हाच चुना पाण्याबरोबर वर आलेला असतो. माल फार पातळ केला की तो अधिक येतो.

आणि शेवटचे, पण बायकांच्या हातचे, ते पाणी मारणे. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला निदान १० दिवस ओल राहिली पाहिजे, असे मानक सांगते. कितीही भारी साचा आणा, या दिवसांत अंगण सुकले तर वरचा थर पुढे पिठासारखा सुटतो. म्हणजे नक्षी गवंड्याच्या तासाभराची असली, तरी तिचे आयुष्य घरातल्या बाईच्या दहा दिवसांवर ठरते. याची नोंद कोणी घेत नाही, म्हणून मी येथे घेतली.

हे सारे मी आजच का लिहिले, तेही सांगते. आपल्या मंडळाच्या इमारतीपुढची जागा पक्की करण्याचा विषय पुढच्या सभेत येणार आहे. कोणी चकचकीत लाद्या सुचवल्या आहेत, कोणी साच्याची फरशी. दोन्ही सूचना मंडळाच्या प्रेमापोटीच आहेत. पण इतिहास वाचून माझे मत काय झाले ते मांडणे माझे कर्तव्य आहे. त्या जागेतून सकाळी बालवाडीची मुले धावतात आणि संध्याकाळी भजनाला आपल्या वडीलधाऱ्या बायका काठी टेकत येतात. गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या आजी त्यांच्या घरापुढच्या गुळगुळीत लाद्यांवर, शेवाळ धरलेले असताना, घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. त्या अजून भजनाला आलेल्या नाहीत. तेव्हा घोड्यांची जी काळजी बेलफाँटेन गावाने घेतली, ती आपण आपल्या आजींची घ्यावी. जमीन खरबरीत असावी, काप पाडलेले असावेत, पाण्याला ढाळ असावा.

आणि तो ढाळ रस्त्याकडे नसावा, मातीकडे असावा. शेणाच्या अंगणात पावसाचे थोडे तरी पाणी मुरत असे. सिमेंटवर पडलेला थेंब थेट गटारात जातो. आपल्या कडुलिंबाच्या बुंध्याभोवती आणि कुंपणाच्या कडेने हातभर माती उघडी ठेवावी, विहिरीकडची बाजू तर पक्की करूच नये. सिमेंट भाजताना कोळसा जळतो, धूर होतो. लागेल तेवढेच घ्यावे. सारी जागा झाकली म्हणजे सुधारणा झाली, असे नाही.

माझी आणखी एक विनंती आहे. माल ज्या दिवशी पडेल त्या दिवशी आपण सर्वजणींनी तेथे हजर असावे. गवंडीदादांना चहा द्यावा, घमेली वाहणाऱ्या बायांनाही द्यावा, आणि दारापुढची दोन हात जागा मागून घ्यावी. ज्यांना जमेल त्यांनी वाटी आणावी, कोणी करंजीचे कातणे आणावे, कोणी पिंपळाचे पान. नंतरच्या दहा दिवसांच्या पाण्याच्या पाळ्या आताच लावून घ्याव्यात. पहिल्या दोन दिवसांसाठी माझे नाव लिहावे. आमचे घर नळाच्या जवळ आहे, आणि लांब रबरी नळीही माझ्याकडे आहे.